बारा तावदानं आणि शिडी धरणारा

ऑपरेशनच्या खोलीत नेण्याआधी बायकोनं नवऱ्याला काय सांगावं, याचे काही संकेत आहेत. वेळेवर जेव म्हणावं, स्वतःला जप म्हणावं, निदान डोळ्यांत पाणी तरी आणावं. आर्डिस टॉलेफ्सननं चाकांच्या पलंगावरून मान वळवली आणि एवढंच सांगितलं, "व्हर्नर, खिडक्यांना हात लावू नकोस."

"नाही लावत," व्हर्नर म्हणाला.

तो खोटं बोलणारा माणूस नव्हे. एल्म प्रेरीएवढ्याशा गावात एकतीस वर्षं टपाल वाटलेला माणूस खोटं बोलून जाणार कुठे? पुढे जे घडलं त्याच्या मुळाशी खोटेपणा नव्हता, कृतज्ञता होती. खोटेपणा परवडला, तो निदान वेळ पाहून येतो.

खुब्याचं ऑपरेशन उत्तम झालं. दहा दिवस व्यायाम करवून घेऊन शुक्रवारी तिला घरी सोडणार होते. सहा आठवडे जिना चढायचा नाही, म्हणून व्हर्नरनं रविवारी चर्चहून आल्यावर पलंग खाली पुढच्या खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीला लागून मांडला. तिला कसं वाटेल हे पाहावं म्हणून स्वतः त्यावर आडवा झाला. समोर खिडकी होती आणि खिडकीतून खिडकीच दिसत होती. पलीकडे रस्ता असावा, असा नुसता अंदाज करता येत होता.

यात खिडकीचा दोष नाही. मिनेसोटाच्या त्या कोपऱ्यात ऑक्टोबर म्हणजे साखरेचं बीट. शेतातून कारखान्याकडे दिवसभर ट्रक जातात, चाकांना काळी माती असते, ती आधी रस्त्यावर, मग हवेत आणि शेवटी टॉलेफ्सनांच्या काचेवर मुक्कामाला येते. त्याखाली उन्हाळ्यात हिरवळीवर सोडलेल्या फवाऱ्याच्या जड पाण्याचे पांढरे ठिपके, त्याखाली मेपलच्या झाडाचा चिकट घाम, आणि सगळ्यांत खाली माश्यांनी ठेवलेल्या आठवणी. एवढ्या थरांतून उजेड येत होता हेच नवल.

दर ऑक्टोबरात हे सगळं आर्डिस निपटायची. ती खिडक्या धुवायची आणि त्यांच्यावर बाहेरून थंडीची तावदानं चढवायची. लाकडी चौकटीची, दोन माणसांना पुरून उरतील अशी जड ही जादा तावदानं हिवाळाभर वारा अडवतात आणि उन्हाळाभर गॅरेजच्या माळ्यावर झोपतात. घराला बारा खिडक्या, म्हणून तावदानंही बारा. आर्डिसच्या सुतार वडिलांनी ती लग्नात दिली होती. एक्केचाळीस वर्षं आर्डिसनं ती चढवली आणि उतरवली. एक्केचाळीस वर्षं व्हर्नरनं शिडी धरली आणि बडबड केली.

हे त्याला त्या पलंगावर पडल्यापडल्या प्रथमच स्वच्छ दिसलं. त्या गावात बायकोला 'मी तुझा फार आभारी आहे' असं तोंडानं म्हणायची पद्धत नाही. कुणी म्हणालाच तर ती विचारील, "खरं सांग, डॉक्टरांनी काय निदान केलंय तुझं?" आभार कृतीनं मानायचे असतात. शुक्रवारी ती येईल, पलंगावर बसेल, आणि आरशासारख्या बारा खिडक्या बघून म्हणेल, "काही वाईट नाही." यापेक्षा मोठं कौतुक त्या भागात माणसांचंही करत नाहीत.

सोमवारी त्यानं पहिलं तावदान माळ्यावरून उतरवलं, तेव्हा शेजारचा ऑर्व्हिल ब्राटेन कुंपणाशी येऊन उभा राहिला. ऑर्व्हिलकडे जगातलं प्रत्येक हत्यार आहे आणि ते वापरायला कारण नाही, हे त्याचं दुःख.

"मदत हवी का?"

"छे, छे. कशाला तुला त्रास."

आता, सभ्य माणसानं मदत दोनदा नाकारायची आणि तिसऱ्यांदा 'बरं, अगदी तुला दुसरं काही काम नसेल तर' असं म्हणायचं, हे तिथे पाळण्यातलं मूलही जाणतं.

"खरंच येतो. जड असतात ती."

"नको रे, होईल माझं."

ऑर्व्हिलनं तिसऱ्यांदा विचारायला तोंड उघडलं आणि नेमका बीटाचा ट्रक गेला. आवाजात त्यानं काय विचारलं ते व्हर्नरला ऐकू आलं नाही, आणि व्हर्नरनं मान हलवली ती होकारार्थी की नकारार्थी हे धुळीत ऑर्व्हिलला दिसलं नाही. दोघंही वाट बघत थोडा वेळ उभे राहिले. मग ऑर्व्हिल मनातून दुखावून घरात गेला, आणि उरलेली अकरा तावदानं पासष्ट पार केलेल्या माणसानं एकट्यानं उतरवून गवतावर मांडली.

धुणं त्याला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं निघालं. त्यानं भांडी घासायचा साबण अर्धी बाटली ओतला, भर उन्हात काचा घासल्या, आणि त्या उन्हातच वाळू दिल्या. तासाभरानं पाहिलं तर प्रत्येक काचेवर साबणाचे ओघळ, आणि त्या ओघळांवर बीटाची धूळ माहेरी आल्यासारखी पसरलेली.

"साबण कुणी सांगितला होता तुला?" रस्त्यापलीकडून झाउअर बाई आल्या. त्यांनी चाळीस वर्षं गावाला गणित शिकवलं होतं, आणि गाव अजून नापास होतंय असा त्यांचा चेहरा असे. "साबण काचेवर राहतो, धुळीला धरून ठेवतो. चमचाभर पुरतो. उन्हात धुवायचं नाही, पाणी पुसायच्या आधी वाळतं. आणि घरातल्या खिडक्या पुसताना आतून उभं पुसायचं, बाहेरून आडवं. म्हणजे डाग राहिला तर कुठल्या बाजूला ते कळतं."

"हो, बाई," व्हर्नर म्हणाला. तो त्यांच्या वर्गात नव्हता कधी, पण त्यांना दुसरं उत्तर देता येत नसे.

मग ऑर्व्हिलनं आपला राग बाजूला ठेवून कुंपणावरून व्हिनेगरची बाटली आणि जुनी वर्तमानपत्रं दिली. सल्ला देणं म्हणजे मदत करणं नव्हे, त्यामुळे तो न विचारता देता येतो. चर्चच्या तळघरात कॉफी करणाऱ्या बायकांपैकी तिघी हॉटडिशची भांडी घेऊन आल्या. आर्डिस इस्पितळात गेल्यापासूनचं हे सातवं, आठवं आणि नववं भांडं. बटाटा, खिमा आणि सूप यांचं भट्टीत झालेलं मनोमीलन व्हर्नर आता न्याहारीलाही खात होता. त्यांच्यापैकी एकीनं कॉफी गाळायचा कागद सुचवला, दुसरीनं जुना बनियन, तिसरीनं प्रार्थना.

घरातल्या खिडक्या पुसताना मात्र बाईंचा नियम त्याच्या अंगावर आला. आतून उभं की बाहेरून उभं, हे तो तिसऱ्या खिडकीला विसरला. एक डाग होता. आतून पुसला, गेला नाही. बाहेर जाऊन पुसला, गेला नाही. पुन्हा आत. इतकी वर्षं हे काम दोघांत व्हायचं, तो बाहेर, ती आत, आणि काचेतून "तुझ्या बाजूला!", "नाही, तुझ्या!" अशी भांडणं व्हायची. ती भांडणं म्हणजे सोय होती, हे त्याला घराला बावीस फेऱ्या मारल्यावर कळलं. डाग काचेच्या आतला बुडबुडा निघाला.

संध्याकाळी फोन आला.

"खिडक्या कशा आहेत?" आर्डिसनं विचारलं.

"आहेत," व्हर्नर म्हणाला.

"जागेवर?"

"इथेच आहेत सगळ्या." हेही खोटं नव्हतं. गवत त्यांच्याच मालकीचं होतं.

मंगळवारी काचा खरोखरच लखलखीत झाल्या, आणि माणसानं तिथेच थांबायला हवं होतं. पण स्वच्छ काचेभोवती चौकटीचा रंग फार कळकट दिसू लागला. शिवाय प्रत्येक चौकटीच्या खालच्या पट्टीवर गंजक्या खिळ्यांची डोकी, गोवर आल्यासारखी. एकीवर तीन, एकीवर सात, एखादीवर तर चांगली अकरा! काही शिस्तच नाही. आणि गंमत म्हणजे घराच्या प्रत्येक खिडकीखालच्या पट्टीवरही तसेच खिळे. सासरेबुवा चांगले सुतार, पण खिळ्यांच्या बाबतीत उधळे होते, असं म्हणून व्हर्नरनं पक्कड घेतली आणि दुपारपर्यंत एकूण एकशे छप्पन्न खिळे उपटले. जागा घासल्या, लांबी भरली, वर रंगाचा हात मारला. काम करावं तर असं, असं त्याला वाटलं. खिळे डब्यात घालून तो ऑर्व्हिलला दाखवायला गेला.

ऑर्व्हिलनं डब्यात पाहिलं. मग हळूच विचारलं, "हे मोजले होतेस का, व्हर्नर?"

"एकशे छप्पन्न."

"तसं नाही. कुठल्या तावदानाला किती, ते."

आणि मग, टपालाची एकतीस वर्षं डोळ्यांसमोरून जावीत तसा, व्हर्नरला उलगडा झाला. एका खिळ्याचं तावदान एका खिळ्याच्या खिडकीला. सात खिळ्यांचं सातला. घर शंभर वर्षांचं, प्रत्येक कोपऱ्यात आपापल्या मर्जीनं खचलेलं. दिसायला बारा खिडक्या सारख्या, पण एकीचं तावदान दुसरीला बसत नाही, म्हणून सासऱ्यांनी क्रमांक ठोकले होते. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात एक पाकीट चुकीच्या दारात टाकलं नव्हतं, त्यानं स्वतःच्या घराचे सगळे पत्ते खोडून वर रंग लावला होता.

बुधवारी त्यानं एक तावदान पाच खिडक्यांना लावून पाहिलं. चारांत शिरलं नाही, पाचवीत अर्धं शिरलं आणि बाहेर यायला तयार होईना. झाउअर बाईंनी रस्त्यापलीकडून हे पाहिलं आणि कागद-पेन्सिल घेऊन आल्या.

"बारा तावदानं, बारा जागा. सत्तेचाळीस कोटी नव्वद लाख एक हजार सहाशे मांडण्या होतात," त्या म्हणाल्या. गणित शिकवायचं थांबल्यापासून एवढ्या आनंदात त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. "मिनिटाला एक मांडणी लावलीस, न जेवता, न झोपता, तर नऊशे अकरा वर्षं."

"आर्डिस परवा येतेय, बाई."

"मग घाई कर."

व्हर्नर नगर कचेरीत गेला. नवी, आधुनिक, अॅल्युमिनियमची तावदानं एकदम मागवून टाकावीत, असा त्याचा विचार. कचेरीच्या खिडकीवर बेकी होती. तिचं शाळेतलं पहिलं प्रेमपत्र यानंच पोचवलं होतं, पण तिनं ओळख कामाआड येऊ दिली नाही.

"तुमची गल्ली जुन्या वस्तीच्या यादीत आहे, मिस्टर टॉलेफ्सन. खिडकीत बदल करायचा तर समितीची परवानगी लागेल. समिती दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी बसते."

"म्हणजे केव्हा?"

"काल बसली होती." तिनं फॉर्म पुढे सरकवला. "भरून ठेवा. इथे प्रत्येक तावदानाचा मूळ क्रमांक आणि मूळ जागा लिहायची."

व्हर्नरनं फॉर्म घडी करून खिशात घातला आणि मान खाली घालून घरी आला. त्या संध्याकाळी आर्डिसनं फोनवर खिडक्यांबद्दल विचारलंच नाही. तेच त्याला जास्त लागलं.

गुरुवारी सकाळी रेडिओनं सांगितलं की शुक्रवारी संध्याकाळपासून कॅनडाकडून वारा आणि बर्फ. व्हर्नर पुढच्या खोलीत गेला. तावदान नसलेल्या खिडकीच्या फटींतून गार झुळूक थेट पलंगावर येत होती, जिथे तिची उशी ठेवली होती तिथे. आभार मानायला निघालेला माणूस बायकोला, ती ताज्या टाक्यांनी घरी येईल तेव्हा, गारठ्यात झोपवणार होता.

तो कुंपणाशी गेला. ऑर्व्हिल अंगणात पानं गोळा करत होता.

"ऑर्व्हिल," व्हर्नर म्हणाला, आणि जन्मात कधी न उच्चारलेलं वाक्य त्यानं उच्चारलं. "मला मदत लागेल."

ऑर्व्हिलचं दाताळं हातातून पडलं. कुणी विचारलेलं नसताना माणूस आपणहून मदत मागतो, हे त्यानं ऐकलंही नव्हतं. पण तो मोठ्या मनाचा. "सोमवारपासून वाट बघतोय," तो म्हणाला आणि आत जाऊन रंधा घेऊन आला. "बसत नाही ना? बसवू. वरून थोडं थोडं तासू, बसतंय तोवर."

अडकलेलं तावदान त्यांनी सोडवलं आणि दुसरं एक सुतारकामाच्या घोडीवर उभं केलं. वरच्या कडेवर वर्षानुवर्षांची धूळ होती. काचा धुतल्या, चौकटी घासल्या, पण डोक्यावरून हात फिरवायचं व्हर्नरला सुचलं नव्हतं. ऑर्व्हिलनं रंधा टेकवला आणि एक लांबसडक सालपट काढलं. ते वळत वळत व्हर्नरच्या बुटावर पडलं. बादलीत टाकावं म्हणून त्यानं ते उचललं, आणि त्यावर शिसपेन्सिलीनं त्याचंच नाव होतं.

"थांब!" तो एवढ्यानं ओरडला की रस्त्यापलीकडे बाईंचा पडदा हलला.

त्यानं सालपट दोन्ही हातांनी उलगडलं. अक्षर आर्डिसचं. '१९८३. शेवटचं. शिडी – व्हर्नर. बडबड चालू.'

दोघांनी बाकीच्या अकरा तावदानांच्या डोक्यावरची धूळ फुंकली. प्रत्येकावर तिच्या वळणदार अक्षरात जागा लिहिलेली होती. स्वयंपाकघर, उत्तर. जिन्याजवळची. निजायची खोली, डावी. सुताराची मुलगी ती, खिळे गंजतात हे तिला बापाकडून ठाऊक होतं. आणि दरसाल जे तावदान सगळ्यांत शेवटी चढायचं, त्याच्या डोक्यावर ती एक ओळ लिहायची, चढवल्यावर चौकटीत झाकली जाईल आणि शिडीखालून दिसणार नाही अशा जागी.

'१९७१. शिडी – व्हर्नर. बडबड चालू.' '१९७९. फार वारा. शिडी – व्हर्नर. बडबड चालू. बरं वाटलं.' '१९९०. पोस्टातल्या कुत्र्याची गोष्ट पुन्हा. शिडी – व्हर्नर.' आणि जिन्याजवळच्या तावदानावर, ज्या वर्षी तिचे वडील गेले त्या वर्षीची: '१९८६. शिडी – व्हर्नर. आज गप्प होता. चुकल्यासारखं झालं.'

ऑर्व्हिलनं रंध्याची धार तपासायला म्हणून पाठ फिरवली, आणि बराच वेळ तपासली. व्हर्नर गवतावर बसून राहिला. एक्केचाळीस वर्षं तो समजत होता की ती काम करते आणि आपण नुसते उभे असतो. त्याला फार आभारी वाटलं, इतकं की कुणाचे मानावेत हेच समजेना. शेवटी तो ऑर्व्हिलला म्हणाला, "रंधा चांगला आहे तुझा."

"काही वाईट नाही," ऑर्व्हिल म्हणाला.

मग काय, दोन तासांत अकरा तावदानं आपापल्या घरी गेली. पाकिटं टाकावीत तशी. सालपट निघालेल्या तावदानावरची जागा सालपटाच्या तुटलेल्या टोकाबरोबर गेली होती, पण झाउअर बाई म्हणाल्या, "अकरा सिद्ध झाली की बारावं आपोआप सिद्ध होतं." पुढच्या खोलीचंच होतं ते.

"चल, तेही चढवू," ऑर्व्हिल म्हणाला.

"ते उद्या."

"उद्या बर्फ आहे, बाबा."

"संध्याकाळी आहे. उद्या दुपारी," व्हर्नर म्हणाला, आणि या वेळी ऑर्व्हिलनं तीनदा विचारूनही तो बधला नाही.

शुक्रवारी दुपारी गाडी दारात थांबली. आर्डिस वॉकरच्या आधारानं उतरली, घराकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, ताज्या रंगाचे ठिपके मोजले आणि शिडीला टेकवून ठेवलेल्या तावदानाशी येऊन थांबली.

"खिळे उपटलेस," ती म्हणाली.

"तुला कुणी सांगितलं?"

"लॉरेन झाउअरनं. मंगळवारीच. बुधवारी नऊशे अकरा वर्षांचंही सांगितलं."

"मग फोनवर सांगायचंस ना, वर लिहिलंय म्हणून!"

आर्डिस रस्त्याकडे बघू लागली. तिचे कान लाल झाले होते. "सांगितलं असतं तर तू वाचलं असतंस ना," ती म्हणाली.

व्हर्नरनं पाकिटातून जपून घडी केलेलं सालपट काढलं. "हे घे. तुझं त्र्याऐंशी साल. ऑर्व्हिलनं तासलं."

ती ते बघून हसली, आणि टाके दुखले म्हणून थांबली, आणि पुन्हा हसली. मग त्यानं शिडी लावली. ती आत जायला हवी होती, बाहेर गारठा होता, पण ती हलेना. वॉकर शिडीला भिडवून तिनं एका हातानं शिडीची दांडी पकडली.

"आर्डिस, डॉक्टर काय म्हणाले?"

"दिवसातून चार वेळा कशाला तरी धरून उभं राहा म्हणाले. कशाला ते नाही म्हणाले. चढ तू."

तो चढला. तावदान जड होतं, वाऱ्यानं हातात फिरत होतं. खाली आर्डिस बोलत होती. शेजारच्या खाटेवरची बाई कशी घोरायची, जेली कशी रबरासारखी होती, व्यायाम करवणारा पोरगा कुणाचा नातू निघाला. वर चढलेल्या माणसाला खालचं काही दिसत नाही. आवाज येत राहिला की कळतं, शिडी धरलेली आहे. एवढं साधं त्याला एक्केचाळीस वर्षांत कळलं नव्हतं, कारण तो नेहमी खालीच होता.

त्यानं तावदान पायरीवर टेकवलं, खिशातून शिसपेन्सिल काढली आणि रंध्यानं कोऱ्या झालेल्या कडेवर सावकाश लिहिलं. 'पुढची खोली. शेवटचं. शिडी – आर्डिस. बडबड चालू. बरं वाटलं.'

मग चौकटीच्या लोखंडी आकड्यांवर अडकवून तावदान आत ढकललं. ते गपकन बसलं. काचेत आकाश लख्ख दिसलं, आणि तेवढ्यात बीटाचा ट्रक गेला.

"काय लिहिलंस?" आर्डिसनं धुळीतून विचारलं.

"वसंतात चढशील ना काढायला," व्हर्नर वरून म्हणाला, "तेव्हा वाच."